थिजलेला पंखा

"लेन्स गेली. चोरीला गेली. ताबडतोब या," एवढं बोलून पलीकडच्या माणसानं फोन ठेवला. नाव नाही, जागा नाही. आमच्या खोऱ्यात लेन्स म्हटल्यावर नाव-गाव सांगायची गरजच काय, असं या लोकांना वाटतं. चीड येते ती याची की ते खरं आहे.

कॉन्स्टेबल नेरिस बोवेननं घड्याळ पाहिलं. गुरुवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. तिनं गाडी काढली आणि टेकडीखाली आली, तर नेहमीप्रमाणे अर्धा रस्ता मोटारींनी अडवलेला. मेंढ्यांचा ट्रक घेऊन गावातला माणूस तिथं हॉर्न वाजवत बसला होता. नेरिसनं त्याला हात केला आणि चढण चढायला लागली.

हवाई दलाची विमानं आमच्या खोऱ्यातून इतकी खालून जातात की टेकडीवर बसलेल्या माणसाला वैमानिकाचं डोकं वरून दिसतं. एवढ्यासाठी विमानांचे फोटो काढणारी ही मंडळी आठवड्यातून चार दिवस ओल्या गवतात बूड टेकून बसतात. घरी बायको बोलत नसेल, छप्पर गळत असेल, त्याचं काही नाही. एकमेकांशी बोलतात ते फक्त लेन्सबद्दल. तुझी कितीची, माझी कितीची, तुझी जुनी झाली आता.

वर सहा पुरुष होते, पाच कोंडाळं करून आणि एक जरा लांब. मधोमध क्लाइव्ह ऑर्मरॉड, प्रांताच्या सीमेपलीकडून येणारा निवृत्त दंतवैद्य. या मंडळींच्या क्लबच्या कॅलेंडरवर सलग नऊ वर्षं मुखपृष्ठ याचंच. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं नवी पांढरी झूम लेन्स आणली, मांडीएवढी जाड, आणि यंदाचं मुखपृष्ठ कुणाचं हा प्रश्नच उरला नाही, असं सगळ्यांना सांगून झालं. अख्ख्या टेकडीवर पांढरी लेन्स एकच. बाकी सगळ्यांच्या काळ्या.

"फोन तुम्ही केलात?" नेरिसनं विचारलं.

"मग कोण करणार? वीस मिनिटं वाट बघतोय."

"टेकडी चढायला वेळ लागतो, ऑर्मरॉडसाहेब. रस्त्यात तुमचीच गाडी आडवी आहे. काय झालं ते सांगा."

"सकाळपासून नव्या लेन्सनं काम करत होतो. मग ट्रेवरच्या रेडिओवर कळलं की पंख्याचं विमान येतंय."

ट्रेवर स्टॉबार्ट हा क्लबचा चिटणीस. कानात रेडिओची वायर खुपसून बसतो आणि स्वतःला नियंत्रण कक्ष समजतो. त्यानं मान डोलावली. "तीन मिनिटं आधी कळलं होतं. सरावाचं विमान, पुढे पंखा असलेलं. अकरा वाजून चार मिनिटांनी गेलं."

"ते सावकाश येतं आणि जवळून जातं," ऑर्मरॉड म्हणाला. "त्याला लांबची लेन्स लागत नाही. मी छोटी काळी लेन्स चढवली. पांढरी मागे बॅगेवर उभी करून ठेवली. विमान गेलं, मागे वळलो, तर लेन्स गायब."

"विमान जात असताना तुम्ही कुठे होतात?"

"रांगेत. सगळे रांगेत होते. डोळा कॅमेऱ्याला."

"मग घेतली कुणी?"

ऑर्मरॉडनं मान वळवली. नुसतं पाहिलं. त्याच्याबरोबर बाकीच्या चौघांनीही पाहिलं, आणि सगळ्यांची नजर एकाच माणसावर गेली.

इडवाल प्यू जरा बाजूला एका खडकाला टेकून उभा होता. डोक्यावर नारिंगी लोकरी टोपी, अंगात बस कंपनीचं जुनं जाकीट. सव्वीस वर्षं तो शाळेची बस चालवतो. नेरिसला लहानपणी त्यानंच शाळेत सोडलं होतं. पोरं सोडून झाली की दुपारच्या फेरीपर्यंत टेकडीवर येतो. नवी लेन्स घेतल्यावर ऑर्मरॉडनं आपली जुनी त्याला विकली होती, तीही उपकार केल्यासारखी, चारचौघांत.

"इडवाल, तुमची बॅग बघू?" नेरिस म्हणाली.

"बघ की."

बॅगेत डबा होता, थर्मास होता, मोज्यांची जोडी होती. तळाशी लेन्सचं झाकण होतं. भलं मोठं, बशीएवढं. इडवालच्या कुठल्याच लेन्सला ते बसलं नसतं.

"हे माझं," ऑर्मरॉड म्हणाला. "लेन्सवर होतं ते. आता आणखी काय पुरावा हवाय?"

"हे माझ्या बॅगेत कसं आलं ते मला ठाऊक नाही," इडवाल म्हणाला.

एवढ्यात खोऱ्याच्या तोंडाशी गडगडाट झाला. न सांगता एक जेट आलं. कोंडाळं फुटलं, सहाही जण कड्याकडे धावले, आणि दोन सेकंदांत सहा कॅमेरे वर. ऑर्मरॉडसुद्धा. नेरिसनं पाहिलं, एकाच्याही लेन्सवर झाकण नव्हतं. विमान पाच सेकंदांत गेलं. मग मंडळी परत आली आणि चोरीचं दुःख जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

नेरिसनं पंचवीस-तीस पावलांवरचा मेंढवाडा पाहिला, पाचही मोटारी उघडायला लावल्या. इडवाल तर चालत आला होता. लेन्स कुठेच नव्हती.

*

शुक्रवारी दुपारी ती बसच्या आगारात गेली. इडवाल बस झाडत होता.

"शाळेच्या बसचं बघतात त्या काउन्सिलमधून फोन आला," तो न वळता म्हणाला. "कुणीतरी कळवलंय त्यांना. ज्याच्यावर चोरीचा संशय आहे त्याच्या हाती पोरं देता येत नाहीत, म्हणे. पोलिसांचं पत्र सोमवारी सकाळी सातपर्यंत आलं नाही तर बस दुसऱ्याला."

"कळवलं कुणी?"

"मी काय सांगू? दंतवैद्याला फोन करायची हौस दिसतेय."

नेरिस पायरीवर बसली. या बसशिवाय इडवालकडे दुसरं काही नव्हतं, हे तिला माहीत होतं. लग्न केलं नाही, शेत भावाकडे गेलं. खोऱ्यातल्या चाळीस घरांतली पोरं त्याला नावानं हाक मारतात, एवढीच कमाई.

"मला तुमच्या धंद्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मी विचारते, तुम्ही सांगा. लेन्सचं झाकण टेकडीवर कुठे ठेवता?"

"खिशात. डाव्या." त्यानं जाकिटावर हात मारला. "सगळेच खिशात ठेवतात. वर गेलं की काढायचं आणि उतरताना लावायचं. जेट सांगून येत नाही. झाकण काढत बसलं तर शेपूटसुद्धा मिळत नाही."

"बॅगेवर लेन्स ठेवली तरी लावत नाही?"

"नाही. उलटी उभी करतात, काचेच्या पुढे आडोशाला नळकांडं असतं त्यावर."

"बरं. पंख्याच्या विमानाला एवढा मान का? जेट आलं तर सगळे धावतात, याला तर तीन मिनिटं आधीपासून उभे राहतात."

इडवाल पहिल्यांदा थोडा हसला. "अगं, ते अवघड असतं. शटर वेगानं उघडलं आणि मिटलं तर फोटोत पंखा थिजतो. पाती मोजता येतात. विमान दोरीनं टांगल्यासारखं दिसतं. असा फोटो आणलास की मंडळी आठवडाभर टिंगल करतात. म्हणून शटर मुद्दाम हळू ठेवायचं आणि विमानाबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा. मग पंख्याचं सुंदर चक्र दिसतं."

"आणि विमानाच्या मागचं?"

"मागचं सगळं पुसलं जातं. हिरवे-करडे पट्टे. टेकडी आहे का भिंत तेही कळत नाही."

"समोरच्या टेकडीवरून काढला तर विमानाच्या मागे तुमचीच टेकडी येणार ना?"

"आमचीच. आम्ही त्यांच्या फोटोत, ते आमच्या फोटोत."

नेरिस उठली. "जेटला शटर कसं ठेवता?"

"वेगात. त्याला कुठे पंखा असतो? त्यात सगळं लख्ख येतं. परवा समोरच्या एकानं काढलेल्या फोटोत मी सँडविच खाताना दिसलो होतो."

"विमान रांगेसमोरून जायला किती वेळ लागतो?"

"जेटला पाच सेकंद. हे रडत-खडत येतं, खोऱ्याच्या तोंडापासून धरलं तर अर्धं मिनिट."

"इडवाल," ती म्हणाली, "ते झाकण तुमच्या बॅगेत कुणी टाकलं असेल?"

"माझी बॅग त्याच्या बॅगेला लागून होती," इडवाल म्हणाला. "पण माणसाचं नाव असं घेऊ नये, नेरिस. माझं घेतलं ना, मला कळलंय ते कसं लागतं."

*

त्या संध्याकाळी नेरिसनं समोरच्या टेकडीवर गुरुवारी कोण होतं ते शोधलं. तिघं होते. दोघांनी अभिमानानं आपले फोटो दाखवले. विमान लख्ख, पंख्याचं गोल चक्र, आणि मागे पुसलेले पट्टे. तिला हवं होतं त्यातलं काहीही नाही.

तिसरी टेगवेन जर्विस. पोस्टातून निवृत्त झालेली, बासष्ट वर्षांची. वसंतात कॅमेरा घेतला आणि क्लबात आली. शनिवारी सकाळी नेरिस तिच्याकडे गेली, तेव्हा ती दारातच म्हणाली, "माझ्याकडे काही नाही."

"गुरुवारचा फोटो नाही काढलात?"

"काढला होता. त्याचं काय करायचंय तुला?"

"दाखवाल?"

टेगवेनचा चेहरा लाल झाला. "क्लबच्या पानावर टाकला होता. दहा मिनिटांत काढून टाकला. ट्रेवरनं लिहिलं, टेगवेनबाई, वैमानिकाला कळवा हो, इंजिन बंद पडलंय. दुसरा म्हणाला, दोरी कुठल्या दुकानातून आणलीत. ऑर्मरॉडनं तर पाहिलाच नाही म्हणे, त्याला फोन करून सांगावं लागलं कुणीतरी, आणि तोही न बघता हसला. मी चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, असं कुणी बोललं नव्हतं मला."

"पंखा थिजला?"

"शटर चार हजारांवर, म्हणजे वेगातच, राहिलं. सकाळी जेट काढली आणि बदलायचं विसरले. बस, एवढा गुन्हा."

नेरिसला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. "टेगवेन, तो फोटो मला लगेच बघायचाय. मोठा करून."

टेगवेननं चहा ठेवला आणि कपाटातून लॅपटॉप काढला. फोटो उघडला. विमान खरंच दोरीला टांगल्यासारखं होतं, पंख्याची पाती मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. नेरिसनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती मागची टेकडी बघत होती. दगडन् दगड दिसत होता.

पाच मिनिटांनी तिनं न प्यायलेला चहा ठेवला आणि थेट टेकडी गाठली. दीड तासानं खाली उतरली तेव्हा तिच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

*

रविवारी दुपारी क्लबची सभा होती, गावच्या खानावळीच्या वरच्या खोलीत. मुखपृष्ठ ठरायचं होतं. भिंतीवर गेल्या आठवड्यापासून पंधरा-वीस फोटो टाचले होते, इडवालचे चारही त्यांत. इडवालला बोलावलं नव्हतं. नेरिस त्याला घेऊन आली, तशी खोलीतली बडबड थांबली आणि सगळ्यांना एकाच वेळी आपापल्या कपात काहीतरी दिसायला लागलं.

"सभा सभासदांची आहे," ट्रेवर म्हणाला.

"आणि चौकशी माझी आहे," नेरिस म्हणाली. "बसा. ट्रेवर, गुरुवारी अकरा चारला गेलेल्या विमानाचा फोटो तुमच्याकडे आहे?"

"आहे की. आठ आहेत."

तिनं रांगेतल्या प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाकडे होता. इडवालकडे सहा होते.

"ऑर्मरॉडसाहेब, तुमचा?"

"बिघडला. पुसून टाकला."

"सगळे?"

"सगळे."

"नऊ वर्षांत तुम्ही एक तरी फोटो पुसलाय का हो?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि एक-दोघं फिसकन हसले. ऑर्मरॉड त्याचे बिघडलेले फोटोसुद्धा लोकांना अर्धा अर्धा तास दाखवतो, हे तिथं बसलेल्या सगळ्यांनी सोसलं होतं.

"आता सांगते," नेरिस म्हणाली. "मला पहिल्यांदा खटकलं ते झाकण. ऑर्मरॉडसाहेब म्हणाले, झाकण लेन्सवर होतं. मी त्याच दिवशी तुमचे सहा कॅमेरे पाहिले, एकावरही झाकण नव्हतं. तुम्ही सगळे झाकण कुठे ठेवता?"

चार-पाच हात आपोआप डाव्या खिशाकडे गेले. त्यांत ऑर्मरॉडचाही होता. त्यानं तो निम्म्यात थांबवला.

"बॅगेवरून लेन्स उचलणाऱ्या चोराला लेन्स मिळाली असती. झाकण मिळालं नसतं. ते मालकाच्या खिशात होतं. तिथून ते इडवालच्या बॅगेत टाकू शकणारा माणूस एकच."

"हा तर्क आहे," ऑर्मरॉड म्हणाला.

"आहे. म्हणून पुढे विचार केला. सकाळभर जेट येत होती. लेन्स नेमकी पंख्याच्या विमानाच्या वेळी का गेली? एक तर त्याची वर्दी तीन मिनिटं आधी मिळते. दुसरं, सगळ्यांचा डोळा अर्धं मिनिट कॅमेऱ्याला चिकटतो. मेंढवाड्यापर्यंत धावत जाऊन यायला तेवढं पुरतं. पण तिसरं कारण तुमच्याखेरीज कुणाच्या डोक्यात आलं नसतं. जेटच्या वेळी समोरच्या टेकडीवरून काढलेल्या फोटोत तुमची टेकडी लख्ख येते. पंख्याच्या विमानाच्या वेळी ती पुसली जाते. तुमच्यापैकी कुणीही इज्जतदार माणूस पंखा थिजवणार नाही. ऑर्मरॉडसाहेबांचा त्यावर पक्का भरवसा होता."

तिनं टेगवेनचा फोटो भिंतीवर टाचला, मुखपृष्ठाच्या उमेदवारांच्या मधोमध. कुणीही हसलं नाही.

"हे तुम्ही. रांगेत चौघे, कॅमेरे वर. हा खडक आणि ही नारिंगी टोपी, इडवाल आपल्या जागी. पाच झाले. तुम्ही होतात सहा. सहावा इथं, मेंढवाड्याच्या दगडी गडग्यापाशी वाकलेला. चेहरा दिसत नाही. पण हातात काय आहे बघा."

"मेंढी असेल," ऑर्मरॉड म्हणाला. "पांढरं म्हणजे लेन्सच कशावरून?"

"गडग्याच्या आतल्या बाजूला एक दगड सैल आहे. गुरुवारी मी वरवर पाहिलं, मला दिसला नाही. काल कुठे बघायचं ते ठाऊक होतं." तिनं गोणपाट टेबलावर ठेवून उलगडलं. "ही घ्या तुमची मेंढी."

पांढरी लेन्स टेबलावर पडली होती, कडेला थोडं शेवाळ लागलेलं.

"पण का?" ट्रेवर म्हणाला. "स्वतःचीच लेन्स, क्लाइव्ह?"

नेरिसनं भिंतीकडे बोट केलं. "तुम्ही तिघे-चौघे मागच्या आठवड्यात कुजबुजत होतात ना, यंदा इडवालचे फोटो बरे आहेत म्हणून? टेगवेननं ऐकलं होतं, तिच्यासमोर कुणीच जपून बोलत नाही. ते फोटो याच माणसानं विकलेल्या जुन्या लेन्सचे आहेत. आणि याचे तीन आठवड्यांचे, नव्या लेन्सचे, तिकडे कोपऱ्यात. मला त्यातलं कळत नाही, पण तुम्हाला कळतं. लेन्स हरवली असती तर फोटो का जमले नाहीत ते सांगायची गरज नव्हती. आणि चोर ठरला असता तर इडवालचे फोटो भिंतीवर राहिले नसते. एका दगडात दोन कामं."

"मला ती परत आणायचीच होती," ऑर्मरॉड म्हणाला. "महिन्याभरानं सापडली म्हणून. कुणाचं नुकसान होणार नव्हतं."

"सोमवारी सकाळी सात वाजता याची बस दुसऱ्याला जाणार होती," नेरिस म्हणाली. "काउन्सिलला फोन तुम्हीच केलात. मी विचारून आलेय."

ऑर्मरॉड लेन्सवरचं शेवाळ नखानं काढत बसला. एवढं सगळं होऊन त्याला काळजी कशाची होती, ते खोलीतल्या प्रत्येकानं पाहिलं.

नेरिसनं त्याला खोटी तक्रार दिल्याबद्दल ठाण्यावर चलायला सांगितलं. निघण्यापूर्वी तिनं खिशातून पाकीट काढून इडवालला दिलं. काउन्सिलला गेलेल्या पत्राची नक्कल होती. इडवालनं ते दोनदा वाचलं आणि घडी घालून आतल्या खिशात ठेवलं.

नेरिस आणि ऑर्मरॉड जिना उतरल्यावर खोलीला एकदम कंठ फुटला. ट्रेवर खुर्ची सरकवत म्हणाला, "बस रे इडवाल. मला आधीपासूनच वाटत होतं, तू असं काही करणार नाहीस. मुखपृष्ठ तुझंच, काय मंडळी? काय घेणार तू?"

मंडळी माना डोलवायला लागली. गुरुवारी याच माना एकदम इडवालकडे वळल्या होत्या.

"अकरा वर्षं मी तुमच्याबरोबर बसतोय," इडवाल म्हणाला. "पावसात एका प्लास्टिकखाली बसलोय. तीन दिवसांत तुमच्यापैकी एकानं येऊन विचारलं असतं, इडवाल, तू घेतलीस का? नुसतं विचारलं असतं. मी नाही म्हणालो असतो, आणि मला बरं वाटलं असतं."

मग त्यानं भिंतीवरचे आपले चार फोटो एकेक करून काढले, टाचण्या टेबलावर ठेवल्या, आणि सकाळच्या फेरीसाठी बस धुवायची आहे म्हणून निघून गेला.